ढोबळे काकांची बोटं

वसंत ढोबळे. माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागत असेन तर या माणसाचं. मुलाखतींत हे नाव मी पुष्कळदा घेतलं आहे, टाळ्याही मिळाल्या आहेत. पण त्या नावामागची गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो.

मी पोकर खेळतो. गोवा, मकाव, युरोप. स्पर्धा जिंकल्या, फोटो छापून आले. माझे वडील भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा द्यायचे. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. शेजारच्या क्वार्टरमधल्या ढोबळे काकांनी मला रोज संध्याकाळी त्यांच्या घरच्या टेबलाशी समोर बसवून गणित शिकवलं, इंजिनिअरिंगचा फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरला. शक्यतेचं गणित त्यांनी पत्ते मांडून शिकवलं. आज मी ज्यावर जगतो ते सगळं त्या टेबलावरचं आहे.

काका त्याच कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. टर्बाइनच्या पात्यावरून बोट फिरवायचे आणि केसाएवढा उंचवटा कुठे आहे ते सांगायचे. मग मापून बघितलं की तिथेच सापडायचा. साहेब लोक पाहुण्यांना हे मुद्दाम दाखवत.

बघा — मी अजून काकांचं कौतुकच करतो आहे. ते सोपं आहे ना?

कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत रमीची स्पर्धा व्हायची. पार सोनागिरी वस्तीपासूनचे लोक यायचे, हिंदीभाषकही खेळायचे. काका मंडळाचे सेक्रेटरी, त्यामुळे पत्ते त्यांच्याच कपाटात. मी बारावीत होतो आणि पहिल्यांदाच शेवटच्या फेरीत पोचलो होतो. एक साहेब मला म्हणाले, "अरे, तू कैंटीनवाले का लड़का है ना? कल खेलेगा कि चाय पिलाएगा?" सगळे हसले. माझे बाबाही हसले.

हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा घडलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका ड्यूटीवर होते, काकू भजनाला. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची — मला शांतपणे अभ्यास करता यावा म्हणून. मी कपाट उघडलं. जोकर, एक्के, राजे — एकेका पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख दाबलं. केसाएवढी खूण. गड्डीवरचं पान उचलण्याआधी मला कळेल, इतकीच. हे मी त्याच टेबलावर बसून केलं. गणिताची वही शेजारी उघडी होती.

आणि तरी मी हरलो. शेवटच्या फेरीत काकाही होते; तेच जिंकले, सरळ खेळून.

बक्षिसाची स्टीलची घागर त्यांच्या हातात होती, तेवढ्यात त्याच साहेबांनी एक पान दिव्यासमोर तिरपं धरलं. मग दुसरं. मग म्हणाले, "इतना बारीक निशान कौन पढ़ेगा, भाई? ऐसी उँगलियाँ तो एक ही आदमी की हैं।"

पत्ते काकांच्या घरचे. जिंकले काका. आणि त्या बोटांची कीर्ती तर कॉलनीभर.

काकांनी पान हातात घेतलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. उत्तरपत्रिकेत चूक सापडली की बघायचे, तसं. खेळतानाच त्यांना कळलं नसेल का? त्या बोटांना? मला माहीत नाही. "पत्ते माझ्या घरचे आहेत, जबाबदारी माझी," एवढंच म्हणाले, घागर टेबलावर ठेवली आणि मांडवाबाहेर गेले.

मी तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं.

त्यांचं सेक्रेटरीपद गेलं. कारखान्यात नवी पोरं ओरडायची, "काका, ज़रा इक्का ढूँढ़ दो!" वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली, स्टोअरला. तिथे बोटांना काम नव्हतं. माझा अभ्यास? तो चालू राहिला, रोज संध्याकाळी, त्याच टेबलावर. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

अजूनही स्पर्धेत पत्त्यांचा नवा जोड फोडला की माझा अंगठा आपोआप पानाच्या कोपऱ्यावरून फिरतो. लोकांना ती माझी लकब वाटते.

काका निवृत्त होऊन भोपाळच्याच टोकाला, मिसरोदला राहायला गेले. मागच्या वर्षी वारले. मी स्पर्धेत होतो, तेराव्याला पोचलो. काकूंनी एक पत्र हातात दिलं. "तुझंच आहे. त्यांनी जपून ठेवलं होतं." इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलवरून मी पाठवलेलं. घड्यांवर कागद विरला आहे, पण अक्षर वाचता येतं. जसंच्या तसं उतरवतो.

"ती. काकांस सा. न.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. गणितात वर्गात पहिला आलो. हे केवळ तुमच्यामुळे.

गणपतीतल्या त्या प्रकाराबद्दल लोक अजून बोलतात, असं बाबांनी कळवलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माणसाच्या हातून एखादी चूक होते. माझ्या मनात तुमच्याविषयीचा आदर जराही कमी झालेला नाही.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
अनिल"