दाजींचा लाकडी फोन

या जगात ज्या वस्तू अजून जन्मालाच आलेल्या नाहीत, त्यांच्याविषयी सर्वांत जास्त माहिती असलेला माणूस कोल्हापुरात राहतो आणि माझं भाग्य असं की तो माझा साडू आहे. पुढच्या वर्षी येणारा फोन कसा दिसेल हे तो बनवणाऱ्या कंपनीचंच जेव्हा ठरलेलं नसतं, तेव्हा आमच्या साडूंचं ठरलेलं असतं. तिकडे परदेशात मोठमोठे लोक दारं-खिडक्या लावून खल करत बसलेले असतात आणि इकडे आमचे साडू मंगळवार पेठेत, घराच्या पायरीवर, गालाला दाढीचा साबण फासता फासता सांगून मोकळे होतात, "पावणं, यंदा कडा सपाट येणार. लिवून ठेवा." माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मात्र मला लग्नाच्या मांडवात पावणं म्हणाले ते आजतागायत पावणंच म्हणतात. माझे केस गेले, पण पाहुणेपण गेलं नाही.

दाजींनी सगळं आयुष्य उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करण्यात घालवलं. पंपाचं झाकण असो नाहीतर ट्रॅक्टरचा एखादा भाग असो, तो लोखंडात ओतायच्या आधी हुबेहूब लाकडात करावा लागतो. मग त्याचा वाळूत ठसा उठवायचा आणि त्यात वितळलेला रस ओतायचा. रस थंड झाला की धातू थोडासा आकसतो, म्हणून पॅटर्न मुळातच केसभर मोठा करायचा. या केसभर मोठेपणाला उद्यमनगरात श्रिंकेज म्हणतात आणि ते दाजींच्या हातात इतकं मुरलंय, की ते काहीही करायला बसले तरी वस्तू थोडी मोठीच होते. आक्कासाठी, म्हणजे माझ्या मेहुणीसाठी, त्यांनी हौसेनं पोळपाट केला. तो ओट्यावर मावला नाही. देवघर केलं, ते कोनाड्यात शिरेना, तेव्हा कोनाडा फोडला. दाजींचं म्हणणं एवढंच, "आज ना उद्या बसंल की."

कारखाना दुसऱ्याच्या हाती सोपवून दाजी घरी बसले आणि फोनाच्या नादी लागले. रोज सकाळी चालण्याच्या निमित्तानं ते रंकाळ्यावर जातात, येताना आमच्याकडे चहाला थांबतात आणि माझा फोन ताब्यात घेऊन 'लीक' बघतात. येणाऱ्या फोनाची कुठूनतरी फुटलेली अंधुक छायाचित्रं म्हणजे लीक. आपल्याला त्यात धुक्यातली वीट दिसते. दाजींना मात्र त्यात बटणाची उंची दिसते, कडेचा गोलावा दिसतो आणि कॅमेरे उभे की आडवे हेसुद्धा दिसतं. "सावली बघा की पावणं, सावली! सावली खोटं बोलत न्हाई." एवढं बोलून ते घरी जातात आणि त्या फोनाचा लाकडी नमुना करायला बसतात. सागवानाचा तुकडा, आत वजनासाठी शिशाची पट्टी, वरून पॉलिश. मग हा फोन बाजारात येईपर्यंत तो नमुना त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो. का, तर म्हणे हाताला सवय लागते.

आणि स्वतः दाजी वापरतात काय? बटणांचा फोन. त्याची मागची झाकणी रबरानं बांधलेली. कुणाचा फोन आला की आधी रबर काढायचं, मग हिरवं बटण दाबायचं, मग "कोण बोलतंय?" असं पूर्ण पेठेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायचं. "दाजी, तुम्ही एक चांगला फोन घेऊन टाका ना," असं मी एकदा म्हटलं, तर माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मीच ओशाळलो. म्हणाले, "चांगला अजून यायचाय."

या ज्ञानाचा प्रसाद ते अनोळखी माणसांनाही वाटतात. आम्ही नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो होतो. घाटावर एक तरुण नवराबायको स्वतःचा फोटो काढत होते. दाजी सरळ त्यांच्यापाशी गेले. "पावणं, जरा बगू." त्या भल्या माणसाला वाटलं, काका फोटो काढून देतायत. त्यानं फोन दिला. दाजींनी तो उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कधी घेतलासा?"

"गेल्याच महिन्यात, काका."

दाजींनी फोन परत दिला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंत्यविधीला आल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "असू दे. हुतं आसं." पुढे त्या दोघांनी एकही फोटो काढला नाही. आम्ही बासुंदी घ्यायला दुकानात शिरलो तरी तो बिचारा पायरीवर बसून फोनाची मागची बाजू बघत होता.

जयसिंगपूरच्या एस.टी. स्टँडवर तर कमाल झाली. गाडीत चढताना गर्दीत दाजींच्या खिशातला लाकडी फोन कुणीतरी मारला. दुसरा कुणी असता तर हळहळला असता. दाजी पेढे घेऊन माझ्या घरी आले! "पावणं, चोराला खरा वाटला! धंद्यातला माणूस हो त्यो, रोज फोन हाताळणारा!" दोन दिवस ते हवेत होते. तिसऱ्या दिवशी मात्र जरा काळजीत दिसले. म्हणाले, "फकस्त एकच वाटतंय. डिझाईन आता त्याला बी कळलं."

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं, पण मध्ये आक्का होती. दाजींची एकुलती लेक जर्मनीत असते. तिला अडीच वर्षांचा मुलगा आहे. नातवाला बघायचं तर व्हिडिओ कॉल हवा, आणि दाजींच्या घरात तर रबरवाला फोन. त्यामुळे आक्का दर रविवारी संध्याकाळी केस नीट विंचरून, चांगली साडी नेसून आमच्या घरी यायची आणि माझ्या फोनासमोर बसायची. लेकीनं नवा फोन पाठवू का म्हणून विचारलं होतं. दाजींनी कळवलं, "थांब थोडं. जुन्या डिझाईनचं वझं कशाला?" उलट त्यांनीच मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या पार्सलातून आदल्या वर्षीचा लाकडी फोन नातवाला पाठवून दिला.

मग एका रविवारी आम्हाला कुरुंदवाडला लग्नाला जावं लागलं. वरात निघाली होती, बँड वाजत होता आणि नेमका जर्मनीहून कॉल आला. घाईत मी तो घेतला. पडद्यावर पोरगं आलं, त्यानं माझ्या टकलाकडे डोळे भरून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट म्हणालं, "आजी!"

घरी आल्यावर मी ही गंमत आक्काला रंगवून सांगितली. सगळे हसले. आक्काही हसली. पण ती लवकर उठली आणि डबा आमच्याकडेच विसरून गेली. डबा द्यायला म्हणून मी मागोमाग गेलो, तर दाजींच्या घरात वेगळंच चाललं होतं.

"दसऱ्याच्या आधी येतोय की नवा," दाजी सांगत होते.

"गेल्या दसऱ्यालाबी येत हुता."

"त्यो आला की! पर त्याचे कॅमेरे..."

"कॅमेऱ्याला काय करायचंय मला? पोरगं आजी म्हनलं आनि कुनाला म्हनलं? ह्यांना!" आक्कानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी डबा छातीशी धरून उभा राहिलो.

तेव्हा टेबलावर एक अपूर्व वस्तू पडली होती. यंदाच्या, अजून न आलेल्या फोनासाठी दाजींनी चप्पल ओळीतल्या एका कारागिराकडून कातड्याचं कव्हर शिवून घेतलं होतं. लाकडी नमुना देऊन, मापात. कॅमेऱ्यासाठी आडवी खाच, कडेला वेणी, वर लाल गोंडा. हातात घेतलं की नव्या चपलेसारखं करकर वाजायचं, आणि ते वाजायलाच पाहिजे अशी दाजींची अट होती. कारागिरानं म्हणे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आनि दुसऱ्या पायाचं?"

आक्कानं ते कव्हर उचललं. "हे बगा. नवा फोन ह्यात बसला तर त्यो घ्या, माझं कायबी म्हननं न्हाई. न्हाई बसला, तर ज्यो फोन ह्यात बसंल त्यो मी घेनार. दुकानातच, उभ्या उभ्या. जुना असू दे न्हाईतर कसला असू दे."

दाजी हसले. साऱ्या आयुष्याचं कसब त्या हसण्यात होतं. "मंजूर! पावणं साक्षीला हाईत."

फोन जाहीर झाला तेव्हा आपल्याकडे सगळे झोपेत होते. सकाळी दूधवाल्याच्या आधी दाजी आमच्या दारात! मी फोन उघडून दिला. ते चित्र आलं आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. कॅमेरे आडवे. कडा सपाट. बटण जिथं दाजींनी सांगितलं होतं तिथंच. खिशातला लाकडी फोन काढून दाजींनी चित्राशेजारी धरला आणि माझ्या बायकोनं आणून ठेवलेला चहा थंड होईपर्यंत दोन्हीकडे बघत राहिले. पेठेतल्या कट्ट्यावर तर त्यांना फेटा बांधायचं चाललं होतं.

फोन दुकानात आला त्या दिवशी आम्ही चौघंही राजारामपुरीत गेलो. विक्रेत्यानं खोका उघडला. दाजींनी फोन असा हातात घेतला की जणू दवाखान्यातून बाळ घरी आणतायत. आक्कानं पिशवीतून कव्हर काढलं. ते करकर वाजलं. फोन आत गेला. खाचेतून कॅमेरे बरोब्बर बाहेर डोकावले. विक्रेता म्हणाला, "काका, हे आधीच कसं केलंत?" दाजींनी नुसती मान हलवली.

"आता उलटं करा," आक्का म्हणाली.

दाजींनी कव्हर उलटं केलं आणि फोन तुपात माखल्यासारखा सुळकन खाली आला. दाजींनीच तो अलगद झेलला. पुन्हा घातला, पुन्हा आला. दाजींनी कव्हराच्या आतून बोट फिरवलं, डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाले, "श्रिंकेज."

"काय?"

"श्रिंकेज धरलं गं मी. हातानं ऐकलं न्हाई."

"फोन काय भट्टीतनं निगून थंड हुतो व्हय?" आक्का म्हणाली, पण तिच्या आवाजात विजय नव्हता. ती कव्हर हातात घेऊन काउंटरच्या कडेकडेनं निघाली. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस शोधावं तसं तिनं एकेक फोन त्यात घालून बघायला सुरुवात केली. हा लहान, हा सैल, ह्याची कडा अडते. शेवटी कोपऱ्यातला एक थोराड, कुणी न विचारलेला फोन आत गेला आणि उलटा केला तरी जागचा हलला नाही.

"काकी, हे मॉडेल जुनं झालंय," विक्रेता कळवळून म्हणाला.

"माणूसबी जुनंच हाय की," आक्का दाजींकडे बघत म्हणाली. "बांधून द्या."

त्या फोनाचा एक कॅमेरा खाचेच्या कडेखाली अर्धा झाकला जातो. त्यामुळे आक्कानं काढलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात कातड्याचा तपकिरी डोंगर दिसतो. परतताना माझ्या बायकोनं तिला विचारलं, "आक्का, कव्हराला धरून कशाला बसलीस? चांगला बघून घ्यायचा की."

आक्का पुढं चालणाऱ्या दाजींकडे बघत म्हणाली, "त्यांचं कायतरी बरोबर निगायला नको व्हय?"

खंडेनवमीला दाजींच्या पटाशा-रंध्यांच्या शेजारी तो फोन पूजेला बसला. दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो तेव्हा आक्कानं तो पोळपाटाला टेकवून उभा केला होता. त्या पोळपाटाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला. कॉल लागला, पोरगं आलं, आणि या खेपेला आजी म्हणालं ते आजीलाच. आक्कानं फोन पोळपाटासकट जवळ ओढला.

मग पोरानं हातातली वस्तू वर केली. दाजींनी पाठवलेला लाकडी फोन! कोपरे चावून चावून गोल झालेले. त्यानं तो कानाला लावला, पडद्याकडे पाठ केली आणि गंभीरपणे बोलायला लागला. लेक तिकडून म्हणत होती, "अरे, आजोबा इकडं आहेत बघ!" छे. त्याला फोन आला होता.

दाजींनी खिशातून यंदाचा लाकडी फोन काढला आणि कानाला लावला. "हॅलो! कोण बोलतंय?"

तिकडून काहीतरी लांबलचक जर्मन आलं.

"आवं, समोर दिसतोय की त्यो, हिकडं बगा!" आक्का म्हणाली. दाजींनी हातानंच तिला गप्प केलं. ते फोनवर होते.

"व्हय व्हय. बरं हाय. कधी येनार हाईस?"

पोराला मराठी शब्द येतात मोजकेच. त्यातला आईकडून सारखा ऐकलेला एक त्यानं उच्चारला, "उद्या."

दाजींनी लाकडी फोन खाली ठेवला. कंपन्यांनी जाहीर केलेल्या एकाही तारखेवर ज्यांनी आजवर विश्वास ठेवला नाही, ते आमचे दाजी आमच्याकडे वळून म्हणाले, "उद्या येतोय म्हनं."

पडद्यावर लेक एकदम दुसरीकडे बघायला लागली. आक्कानं दाजींकडे पाहिलं, गोंडा उगाच सरळ केला, आणि म्हणाली, "मग दूध जास्त घ्यायला पायजे."