थकव्याचा प्रयोग

पेणच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्या आम्ही मोजक्याच मुली उरलो होतो. बाकीच्या वर्गाने इतिहास धरला, कारण त्याची गाइडं बाजारात मिळत. आमच्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. एक कॉलेज आटपून दुसरं गाठायच्या. टेबलाला टेकून चिंता, नैराश्य शिकवताना मध्येच थांबून विचारायच्या, "हे मी मागच्या वेळी सांगितलं का?" सांगितलेलं असायचं. आम्ही नाही म्हणायचो. त्यांना तेच परत सांगणं सोपं जायचं आणि आम्हालाही तेच परत ऐकणं.

मी निडीहून यायचे. सकाळची गाडी चुकली की नागोठण्याला जाऊन एसटी धरायची. वर्षभर त्या धावपळीत परीक्षेपर्यंत माझ्यात अभ्यासाचा उत्साह असा काही उरला नव्हता. एकदाचं संपू दे, एवढंच वाटायचं.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला प्रत्येकीने आपलं माणूस आपण आणायचं होतं. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला आम्ही सब्जेक्ट म्हणायचो. माझी सब्जेक्ट शेजारची बारावी झालेली मुलगी ठरली होती. नेमक्या त्या सकाळी तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या. आई उजाडताच वाल काढायला शेतावर गेली होती. मी दारात उभी राहून आणखी कोणाकडे जावं याचा विचार करत होते, तेवढ्यात बाबा रोह्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला. पायांवर पाणी घेता घेता त्याने सगळं ऐकलं.

"दुसरं कोण नाय?"

"कोणच नाय."

"मग मी येतो."

"तू रात्रभर जागा हायस, बाबा."

"बसायचंच हाय ना? बसतो."

त्याने धुतलेला शर्ट घातला. गाडीत टेकून झोप म्हटलं तर शर्ट चुरगळेल म्हणून ताठ बसून राहिला. नागोठणं गेल्यावर हळूच म्हणाला, "सुई बिई टोचत नाय ना गो?"

"नाय. कागदावरचं काम असतं."

प्रयोग चिठ्ठी उचलून ठरायचा. माझ्या चिठ्ठीत मानसिक थकवा निघाला. मॅडमनी एकदा बाबाच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या सरांना म्हणाल्या, "हिला दुसरी चिठ्ठी देऊ या का? वडील रात्रपाळीहून आलेत." सर म्हणाले, "निघाली ती निघाली. सगळ्यांना एकच नियम."

छापील सूचना वाचून दाखवायची असते. घरी आम्ही बाबाला अरेतुरे करायचो. तिथे मला म्हणावं लागलं, "आपल्यासमोर अक्षरांचा एक कागद आहे. मी सुरू म्हटल्यावर आपण प्रत्येक 'क' खोडायचा आहे." आपण म्हटल्यावर बाबा एकदम सावरून बसला.

सुरुवातीला तो भरभर खोडत गेला. डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवलेलं. नखांच्या कडांना कंपनीतला निळा रंग बसलेला. कागदांमागून कागद गेले तसा हात मंदावला, 'क' सुटू लागले, भलतीच अक्षरं खोडली जाऊ लागली. एकदा पेन्सिल ओळीच्या मध्येच थांबली आणि मान खाली गेली. प्रयोग करणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मी घड्याळाकडे बघत राहिले. त्याने आपणच मान वर केली आणि पुढची ओळ धरली. शेवटी मी "थांबा" म्हटलं तेव्हा त्याने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

आता सब्जेक्टला विचारून त्याचा अनुभव लिहायचा राहिला होता.

"काम करताना आपल्याला काय वाटलं?"

"पहिलं बरं वाटलं. मग अक्षर कुठलं न् रेघ कुठली, समजंना."

मी लिहून घेतलं. झालं असं वाटलं. पण तो पुढे बोलतच राहिला, माझ्याकडे न बघता.

"कंपनीत पण असंच होतं आता. वॉल्वपाशी उभा असतो न् समजतच नाय, फिरवला की फिरवायचा हाय. परवा फिरवलेला परत फिरवायला गेलो. बाजूच्यानं हात धरला म्हणून. तुझ्या आईला पण बोललो नाय."

माझं पेन थांबलं. बाबा म्हणाला, "ते नको लिहू." मी नाही लिहिलं.

सर मागेच उभे होते, त्यांनी ऐकलं असणार. तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं, "कंटाळा आणि थकवा यांत फरक काय?" मी म्हटलं, कंटाळा काम बदललं की जातो, थकव्याला विश्रांतीच लागते. तोवर बाबा बाकावर हाताची उशी करून झोपला होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "त्यांना झोपू दे थोडं," म्हणाले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

पेण स्टँडवर भजी खाताना मी म्हटलं, "रात्रपाळी सोड, बाबा."

"सोड म्हणून सुटते काय?"

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. बाबा रागावला नाही. आई दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कंपनीच्या गेटवर गेली, सुपरवायझरला भेटली. बघू, म्हणाला. नंतर मी गेले, मामा गेला. बघू, बघू करत पावसाळा संपला. त्या महिन्यांत सकाळी बाबा ओटीवर येईपर्यंत आईने चहाचा घोट घेतला नाही. दिवाळीच्या सुमारास त्याला गोडाऊनमध्ये दिवसपाळी मिळाली.

मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. एम.ए.साठी मुंबई गाठायला हवी होती. तेवढं त्राण माझ्यात नव्हतं, आणि घरात कोणी आग्रहही केला नाही. रोह्याच्या एका दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलावर मला नोकरी लागली. बाबा पहिले कित्येक दिवस संध्याकाळी घरी आला की नुसता झोपायचा. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची आणि कोणी बाबाला हाक मारत आलं तर येणाऱ्याला हातानेच गप्प करायची.