काडीवरचा सा

जेवण अंगावर आलंय. उमाकांत धारप आरामखुर्चीत पाय ताणतो. पाच वाजता शलाका न्यायला येणार. तिच्या भावाला, भार्गवला, जाऊन आज दहा वर्षं झाली आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात उमाकांतने चार शब्द बोलायचेत. आधीच आठवडाभर डोळ्याला डोळा नाही, त्यात भाषण, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! जन्मभर ज्याने फक्त बोटं चालवली, तो बोलणार काय, कप्पाळ?

पापण्या जड होतात. पंखा गरगरतो, मंदावतो, आणि खण्णकन कानाखाली बसते.

"ऊठ रे, भाडोत्री!"

भार्गव चेऊलकर समोर उभा आहे. 'वणवा' बँडचा भार्गव, ज्याचं नाव पोरं दंडावर गोंदवून घ्यायची. कवटीची डावी बाजू आत गेलेली, कानातून रक्ताची धार, आणि तोंडात नेहमीसारखी आगकाडी.

भाडोत्री हे त्याचं लाडाचं नाव. पोस्टरवर चौघेच असायचे. उमाकांत पाचवा, मागे अंधारात. सकाळी साबणाची जाहिरात, दुपारी कुणाचं भावगीत, संध्याकाळी वणवा. बोलावलं की जायचं, वाजवायचं, घरी यायचं. वीस वर्षं. वणव्याच्या एकूण एक गाण्यात कीबोर्ड त्याचाच. आजारी पडला की भार्गव स्वतः खिचडी घेऊन यायचा आणि शिव्या देत भरवायचा.

"हात ठेव," भार्गव म्हणतो.

खुर्ची आता स्टुडिओत आहे. समोर जुना पियानो. उमाकांत पट्ट्यांवर हात ठेवतो आणि भार्गव झाकण आपटतो. करंगळी मोडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.

"आई गं! भार्गवा, सोड!"

"वाजव."

झाकण पुन्हा आदळतं. पट्ट्या लाल होतात, चिकट होतात. तिसऱ्या वेळी उमाकांत डोकं खुपसून त्याच्या पोटात धडक मारतो, दोघे कोलमडतात, एकमेकांचे गळे धरून लोळतात, आणि उठतात ते मिसळीच्या टेबलावर. पुढ्यात तर्री, पाव, कांदा. उमाकांतची मोडकी बोटं कांद्याशेजारी पडलीयेत आणि वाढप्याला त्याचं काहीच वाटत नाही.

भार्गव एक काडी दातात धरतो, गुल कडकन तोडतो, थुंकतो आणि उरलेली काडी पुढे करतो. "घे. तुझ्या पेटीला आग नको लागायला."

ही त्यांची जुनी रीत. लांब सूर धरायचा असला की उमाकांत दोन पट्ट्यांच्या फटीत काडी खोचायचा. पट्टी दबलेली राहते, सूर चालू राहतो, हात मोकळे. गुल तोडून द्यायचं काम भार्गवचं. आणि दुसरी रीत त्याहून कडक: गर्दी बिथरली तरी वाजवणं थांबवायचं नाही. जोवर सूर चालू आहे, तोवर आपला माणूस स्टेजवर आहे, त्याला टाकून कुणी जायचं नाही.

"नको," उमाकांत म्हणतो. "काडी नको देऊस."

"तेव्हा बरी घेतलीस!"

टेबल सरकतं, हॉटेलाची भिंत पडते, आणि तेच मैदान, दहा वर्षांपूर्वीच्या शेवटच्या कार्यक्रमाचं. दगड येतायत. बाटल्या येतायत. ड्रमवाल्याचं कपाळ फुटलंय, तो डोळे पुसत अजून बडवतोय. दिव्यांच्या लोखंडी टॉवरवर पंधरा-वीस जण चढलेत आणि टॉवर हलतोय. भार्गव एकेकाला मागच्या फाटकाकडे ढकलतोय. कीबोर्डमागचा उमाकांत मात्र खालचा सा दाबतो, फटीत काडी खोचतो आणि पाठीमागून उडी टाकून पळतो. भ्याड, हलकट!

आज त्याला पळता येत नाही. भार्गवने मानगूट धरलीय. "बघ. हे तू पाहिलंच नाहीस."

फाटकापाशी पोचलेला त्या रात्रीचा भार्गव थबकतो. सा चालू आहे. "उम्या आत राहिला!" तो ओरडतो आणि उलटा धावतो. दगड खांद्यावर, दगड तोंडावर, तरी धावतो. कीबोर्डपाशी येतो. तिथे कुणी नाही. तो खाली वाकून काडीकडे बघतो, आणि वरून टॉवर येतो.

सा चालूच राहतो.

"मला मारून टाक," उमाकांत रडतो.

"मी कशाला? तू काय सांगितलंस सगळ्यांना?"

"की मी शेवटपर्यंत वाजवत होतो."

"आणि मी?"

"की तू प्यायलेला होतास. गिटार आणायला परत गेलास."

"शली दहा वर्षं मान खाली घालून हिंडतेय, उम्या. दारुड्याची बहीण म्हणून." भार्गव त्याचं डोकं धरतो आणि लोखंडावर आदळतो.

उमाकांत खुर्चीत दचकून उठतो. बोटं शाबूत आहेत. पण सूर थांबलेला नाही.

"उमादादा!" दारात शलाका उभी आहे. "केव्हाची बेल दाबतेय. सूर ऐकू आला, म्हटलं तू आत आहेस, म्हणून आले ढकलून."

ती त्याच्या मांडीवरच्या हातांकडे बघते. मग कोपऱ्यातल्या कीबोर्डकडे. "मग हे वाजवतंय कोण?"

खालच्या सा शेजारच्या फटीत काडी आहे. या घरात कित्येक वर्षं काडेपेटी नाही, गॅसला लायटर आहे. काडीचं गुल तोडलेलं आहे आणि लाकडावर दातांच्या खुणा आहेत.

उमाकांत काडीकडे बघतो. "शलाका, तो प्यायलेला नव्हता. गिटार आणायलाही गेला नव्हता."

"म्हणजे?"

"असाच सूर चालू होता. मी आत आहे असं वाटलं त्याला, म्हणून मला न्यायला आला. आणि मी पळून गेलो होतो. काडी लावून."

ती कीबोर्डपाशी जाते आणि काडी उपसते. खोली एकदम गप्प होते.

"आईला जाऊन चार वर्षं झाली," ती म्हणते. "ती हेच विचारत गेली, की गिटार एवढी मोठी होती का रे."

उमाकांत हात जोडतो. ती ते बघतसुद्धा नाही.

"हे आज तिथे सांगणार?"

"सांगणार."

ती काडी त्याच्या तळहातावर ठेवते आणि दाराकडे वळते. "मग ही घेऊन या. रिक्षाने या. माझ्या गाडीत बसू नका."