निकामी गुडघ्याची किंमत

वॉटी परडीला किर्कमूर रोव्हर्स या स्कॉटलंडमधल्या फुटबॉल क्लबनं १९०६ साली खाणीतून उचललं आणि बचावाला उजवीकडे उभं केलं. त्याला चकवून पुढे जाणारा खेळाडू एक तर फार चपळ असे, नाहीतर रविवारी लंगडत चर्चला जाई. क्लबचे अध्यक्ष मिस्टर क्रायटन यांचा धंदा शवपेट्यांचा. माणसाचं माप ते नुसत्या नजरेनं घेत. फुटबॉल कळायला आणखी काही लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या हंगामात वॉटीचा गुडघा मुरगळला. क्लबचे डॉक्टर आठवडाभर घोडे तपासत आणि शनिवारी खेळाडू. त्यांनी गुडघा दाबला, वॉटी कळवळला, निदान झालं: कामातून गेला. घोडा असता तर गोळी घातली असती. वॉटीचा फक्त पगार बंद केला.

शेजारच्या डनलॅरख क्लबनं त्याला बोलावलं, तेव्हा कळलं की किर्कमूरनं त्याचं नाव आपल्या खेळाडूंच्या यादीतून काढलेलंच नाही. यादीतल्या माणसाला दुसरीकडे खेळायला त्यांची परवानगी हवी, आणि परवानगीचे क्रायटननी दोनशे पौंड मागितले. पगारापुरता निकामी झालेला गुडघा विकण्यापुरता ठणठणीत होता.

वॉटी पुन्हा खाणीत उतरला. शनिवारी मैदानावरचा गलका ऐकू आला की खिडकी लावून घेई. गुडघा मात्र डॉक्टरांना न विचारताच बरा झाला.

एप्रिलमध्ये पुढच्या हंगामाची नवी यादी करायची वेळ आली. क्रायटन स्वतः घरी येणार, असा निरोप आला.

"धडधाकट दिसलास तर आणखी वर्षभर अडकवून ठेवतील," वॉटीची बायको एफी म्हणाली.

"मग काय करू?"

"लंगड. आणि पगार माग."

क्रायटन आले, चहाबरोबर एफीनं भाजलेले तीन स्कोन खाऊन हवापाण्यावर बोलले. वॉटी चुलीपासून दारापर्यंत असा लंगडला, की एफीनंही नकळत खुर्ची पुढे सरकवली.

"साहेब, नाव यादीत आहेच. सोमवारपासून येतो. पगार तेवढा सुरू करा."

"अरे, पण तुझा हा पाय..."

"आणि याचं औषधपाणी क्लबच बघेल ना?" एफीनं चहा ओतत विचारलं.

क्रायटननी उचललेला चौथा स्कोन बशीत परत ठेवला. "वॉटी, कुणाच्या पोटावर पाय द्यावा असा मी माणूस नाही. जा, तू मोकळा." आणि तिथेच कागदावर सही केली.

ऑगस्टमध्ये डनलॅरखचा पहिलाच सामना किर्कमूरशी पडला. वॉटीनं नव्वद मिनिटं त्यांच्या एकाही माणसाला गोलकडे फिरकू दिलं नाही. "मी डोळ्यांनी पाहिलंय, तो लंगडा आहे," क्रायटन शेजारच्याला सांगत राहिले. डॉक्टरांनी बरं केल्याचं श्रेय घेतलं.

१९१४ साली महायुद्ध सुरू होईपर्यंत वॉटी चार हंगाम तिथं खेळला. स्कॉटलंडच्या संघात त्याची निवड कधी झाली नाही. निवड करणारे त्याला बघायला दोनदा आले होते, पण दोन्ही वेळा धुकं होतं.