आत्याला वाजणारा कीबोर्ड हवा होता

जगातली कुठलीही वस्तू आणि कुठलाही माणूस केवळ कानांनी पारखणारी एकच व्यक्ती मी पाहिली आहे, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. सौंसरच्या बाजारात कुकर घ्यायचा तर ती झाकणावर टिचकी मारून बघणार, कपाट घ्यायचं तर दार तीनदा आपटून बघणार, आणि दुकानदार "मॅडम, जरा सावकाश" म्हणाला तर त्याच्या आवाजावरून त्याचीही किंमत ठरवणार. एकदा आम्ही दोघं छिंदवाड्याच्या बसमध्ये बसलो होतो. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तशी आत्या पिशवी घेऊन उठली. "उतर. हे रामाकोन्याच्या पुढे जात नाही." तिकीट काढलंय वगैरे मी सांगत होतो, तोवर ती खाली उतरलीसुद्धा. मागच्या बसने जाताना पाहिलं, तर ती पहिली बस रामाकोन्याच्या थोडी पुढे बंद पडली होती आणि सगळे प्रवासी संत्र्याच्या बागेच्या कुंपणाला टेकून उभे होते. "थोडी पुढे आलीच," आत्या म्हणाली, अंदाज हुकल्याची खंत असल्यासारखी.

तिचं लग्न झालं नाही, त्यालाही हे कानच कारणीभूत असं माझे वडील सांगतात. पांढुर्ण्याचा मुलगा होता, कापडाचं दुकान, स्वभावाने गरीब. बघण्याच्या कार्यक्रमात त्याने चहा इतक्या हळुवारपणे प्यायला की बशी-कपाचासुद्धा आवाज झाला नाही. सगळ्यांनी वाखाणलं. पाहुणे गेल्यावर आत्या म्हणाली, "ज्याच्या पोटात चहा जाते थे बी समजत नाही, त्याच्या मनात काय चाललं थे मले कसं समजन?" आजोबांनी नकार कळवला आणि पुढची स्थळं आपोआप कमी होत गेली.

नोकरी मात्र तिला मनासारखी मिळाली. सौंसरच्या एका सरकारी कार्यालयात ती टायपिस्ट होती. आमचं गाव हिंदी राज्यातलं, त्यामुळे घरी बोलायचं मराठी आणि दिवसभर टाइप करायचं हिंदी, यात आमच्याकडे कोणाला काही विशेष वाटत नाही. तिच्या यंत्राचा आवाज रस्त्यावर येई म्हणतात. एक नवे साहेब आले, त्यांना त्या आवाजाने डोकं दुखायचं. "जरा हळू टाइप करत जा," असं त्यांनी सांगितलं. आत्याने आज्ञा पाळली. एवढ्या हळू टाइप केलं की वरच्या कागदावर अक्षरं कशीबशी उमटली आणि कार्बनखालच्या तिन्ही प्रती कोऱ्या निघाल्या. साहेबांनी न बघता चारही कागदांवर सह्या केल्या आणि त्या कोऱ्या प्रती तीन खात्यांना रवानाही झाल्या. पुन्हा तिला हळू टाइप करायला कोणी सांगितलं नाही.

त्या कार्यालयात तिची मैत्रीण झाली ती बोरगावच्या दवाखान्यातली नर्सबाई. दर महिन्याला जन्मांची यादी घेऊन ती यायची आणि आत्या ती टाइप करायची. आत्या तिला 'सिस्टर' म्हणते, ती आत्याला 'टायपिस्टबाई', आणि इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना एकदाही अगं-तुगं केलेलं नाही. दोघी निवृत्त झाल्यावर आत्याच्या डोक्यात आलं की यादीत फक्त नाव आणि तारीख आली, खरी गोष्ट राहूनच गेली. कोणतं पोर बैलगाडीत झालं, कोणतं ऐन कापूस वेचणीत शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, कोणाच्या बापाला आधी पाणी मारून शुद्धीवर आणावं लागलं. मग दर गुरुवारी सिस्टर बसने सौंसरला यायच्या, सांगायच्या, आणि कार्यालयाच्या लिलावातून आणलेल्या जुन्या टायपरायटरवर आत्या ते उतरवून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. टायपरायटर मोडला, आणि तो दुरुस्त करणारा माणूस आता पंचक्रोशीत उरला नव्हता. आणि सिस्टरना विसरायला होऊ लागलं. गॅस सुरू राहायचा, कुलूप लावायचं राहायचं. म्हणून त्यांचा मुलगा त्यांना इंदूरला घेऊन गेला. मी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवतो. शाळेतल्या एका सहकाऱ्याचा जुना कॉम्प्युटर मी आत्याला आणून दिला, आणि ठरलं की रोज चार वाजता फोन लावायचा, तो टेबलावर ठेवायचा, सिस्टरनी सांगायचं, आत्याने टाइप करायचं.

आठ दिवसांत आत्याचा फोन आला. "हा कीबोर्ड मुका आहे. दुसरा पाहिजे." मला वाटलं, झालं हिचं सुरू. म्हटलं, "आत्या, मुका असला म्हणून काय झालं? अक्षरं तर उमटतात ना?"

"मले दिसतात. सिस्टरले काय दिसते? त्या दोन वाक्य बोलतात आन् थांबतात. 'टायपिस्टबाई, आहे का तुम्ही?' म्हणतात. मी 'हो' म्हणेपर्यंत गोष्ट हातची जाते. मंग कोणाचं पोर, कोणतं गाव, काहीच आठवत नाही त्याईले. पहिले मशीन वाजे, त बरोबर बोलत जात."

मी शोध सुरू केला. आत्याची अट एकच, दोन हजारांच्या वर जायचं नाही. पेन्शन तिची होती आणि हट्टही तिचाच.

सौंसरच्या दुकानदाराने मोठ्या अभिमानाने एक कीबोर्ड पुढे केला. "मॅडम, एकदम सायलेंट." आत्या म्हणाली, "सायलेंट त माणूस मेल्यावर होते." मग त्याने रंगीत दिव्यांचा एक काढला, गेम खेळणारी पोरं नेतात म्हणाला. आत्याने एक बटण दाबलं. "सादळलेला पापड आहे हा. दिवे कायले लावले याले, वरात काढायची का?" दुकानदाराने तो मुकाट्याने परत खोक्यात घातला.

मी मोबाइलवर वाचून काढलं की आपल्याला हवा तो मेकॅनिकल कीबोर्ड. त्यात प्रत्येक बटणाखाली वेगळं स्विच असतं, आणि त्या स्विचचा रंग पाहून त्याचा स्वभाव समजतो. आत्याला पलंगावर बसवून लाल, तपकिरी आणि निळा अशा तीन रंगांचे व्हिडिओ ऐकवले. ती डोळे मिटून ऐकत होती, शास्त्रीय गाण्याला बसल्यासारखी. लाल ऐकून नकारार्थी मान हलवली. तपकिरी ऐकून म्हणाली, "हा तुझ्या बापासारखा. बोलून राहिला का गुरगुरून राहिला, समजत नाही." निळा सुरू झाला, टक-टक, टक-टक, तशी तिने डोळे उघडले. "हा बोलते. पण मोबाइलचा आवाज खरा नाही. हात लावल्याबिगर घेणार नाही मी."

म्हणून एका शनिवारी आम्ही नागपूरला गेलो. सीताबर्डीतल्या दुकानात चारपाच कीबोर्ड मांडून ठेवले होते. विकणारी मुलगी विशीतली, अंगाने बारीक, बोलायला चटपटीत. आत्याने सरळ पिशवीतून फोन काढला, इंदूरला लावला, स्पीकर सुरू करून टेबलावर बरोबर एक वीत अंतरावर ठेवला. घरी तेवढंच अंतर असतं. "सिस्टर, मी दुकानात आहे. आता वाजवतो, आवाज येते का सांगा." पहिला सगळ्यात महाग होता. "काही येत नाही," फोनमधून उत्तर. ती मुलगी म्हणाली, "आंटी, याच्या आत फोम लावला आहे, आवाज कमी यावा म्हणून लोक जास्त पैसे देतात." आत्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिचारीने महागडे सगळे बाजूला सारले. शेवटी काउंटरखालून एक निघाला. निळ्या स्विचचा, उजवीकडची आकड्यांची पाटी नसलेला, खोका हरवलेला, म्हणून किंमत उतरवलेला. आत्याने दहाही बोटं ठेवली आणि जुन्या सवयीने एक आख्खी ओळ मारली.

फोनमधून सिस्टर म्हणाल्या, "हां. आता लिहून राहिल्या वाटते," आणि लगेच सांगायलाच लागल्या. एका जोडप्याचं सांगू लागल्या, भर दुपारी संत्र्याच्या बागेत कळा सुरू झालेल्या, सावलीसाठी नवऱ्याच्या हातात छत्री दिलेली, तो लाजेने तोंड फिरवून उभा, आणि छत्री बायकोवर धरायची ती बकरीवर धरून राहिलेला. "शेवटी मीच ओरडली, अरे बाबा, पोर इकडे होऊन राहिलं!" आत्या थांबायला तयार नाही, टाइप करतेच आहे. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाईकं थांबली, ती मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. हसता हसता तिने कीबोर्ड जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे इंग्रजी चालू होतं. आत्याची हिंदीची बोटं त्यावर फिरून पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली होती. "आंटी, यात तर काहीच लिहिलं गेलं नाही."

"राहू दे," आत्या म्हणाली, "त्याईचं सांगून होऊ दे."

बिल झालं अठराशेचं. परतीच्या बसमध्ये आत्याने कीबोर्ड मांडीवर घेतला होता आणि सौंसर येईपर्यंत ती छत्रीची गोष्ट विसरू नये म्हणून ओठातल्या ओठात घोकत होती. घरी गेल्याबरोबर चप्पलही न काढता तिने आधी ती गोष्ट टाइप केली. शेजारच्यांनी सुरुवातीला विचारलं, की चार वाजता तुमच्याकडे कोण सुपारी फोडते? आता तेच त्या टकटकीवर चहा टाकतात.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटर अडकतो म्हणून तिने मला बोलावलं. साफसफाई करताना मी फाइली पाहिल्या. तिनेच टाइप केलेल्या, पानं नीट लावलेल्या. एका रात्री झालेल्या जुळ्यांची गोष्ट मला एका फाइलीत दिसली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मोजली तर अकरा वेळा होती, दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्दही न गाळता.

"आत्या, हे तर आधीच लिहून झालंय. सिस्टरना सांगत का नाहीस?"

ती चष्मा पुसत होती. "काय सांगू? त्या सांगतात तवा त्याईच्यासाठी थे पोट्टे आत्ताच जन्मून राहिले असतात."

"मग नुसती बटणं दाबायची. खरंच लिहायची काय गरज?"

यावर आत्या माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. "एक दिवस मी तसंच करून पाह्यलं," ती म्हणाली, "उगाच काहीबाही दाबत बसली. त्या बोलत होत्या, पण मीच ऐकत नव्हती."

चार वाजायला आले होते. तिने मला उठवून खुर्ची घेतली, फोन लावला आणि एक वीत दूर ठेवला. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "टायपिस्टबाई, तुम्हाला एक जुळ्यांची गोष्ट सांगितली का मी?"

"नाही सांगितली," आत्या म्हणाली, आणि तिने नवीन पान उघडलं.