अडीच तासांचं अंतर

चंडीगडहून पुणं विमानाने अडीच तास. इतकी वर्षं मी या आकड्याच्या जिवावर निर्धास्त होते. आई गेल्यावर बाबा पुण्यात एकटे राहिले, मी इथे विद्यापीठात शिकवत राहिले. कुणी काळजी केली की म्हणायचे, सकाळी निघाले तर जेवायला बाबांकडे. माझं घरही एयरोसिटीत, विमानतळाच्या जवळ. देवाला त्रास द्यायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं.

गेल्या पौषात एका सकाळी हॉस्पिटलमधून बाबांचा फोन आला. हृदयाचं ऑपरेशन त्याच दुपारी करायचं ठरलं होतं. "तू आलीस की मग आत जातो," एवढंच म्हणाले. कशालाच न भिणारे माझे बाबा, पण आवाज कापत होता. मी म्हटलं, "आलेच." निघताना आईचा बाळकृष्ण तांब्याच्या वाटीत पाण्यात ठेवला. आमच्याकडे संकटात देव पाण्यात ठेवतात, संकट टळलं की बाहेर काढतात. आई असं करायची तेव्हा मी हसायचे. खरं सांगायचं तर त्या दिवशीही देवाला पाण्यात ठेवून मी विमानाच्याच भरवशावर निघाले होते.

विमानतळावर धुकं इतकं, की काचेबाहेर उभं असलेलं विमान दिसेना. उड्डाण रद्द झालं. मी वेड्यासारखी फोनवर पुण्याचं अंतर पुन्हा पुन्हा बघत राहिले, जसं काही बघून ते कमी होणार होतं. रस्त्याने दुपारपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. पुण्यातल्या मैत्रिणीला फोन लावला, तर तीही गावाला गेलेली. "बाबांजवळ कुणीच नाही गं," म्हणता म्हणता मला रडू फुटलं.

शेजारच्या खुर्चीवरची बाई वळली. "ताई, मराठी ना तुम्ही? मी चंडीमंदिरला असते, आमचे हे आर्मीत. हॉस्पिटल कुठलं?" मी नाव सांगितलं. "माझी थोरली बहीण त्याच्या मागच्याच गल्लीत राहते. नक्की जाईल ती." मी हात जोडले.

तिची बहीण पोचली तेव्हा बाबांना आत न्यायला स्ट्रेचर आलं होतं. औषधाने त्यांचे डोळे मिटत होते. कुणी हात धरलेला जाणवला तसं त्यांनी विचारलं, "आलीस?" त्यांना कधी न पाहिलेली ती बाई म्हणाली, "आले, बाबा." बाबा शांतपणे आत गेले. हे सगळं त्या बहिणीनेच मला फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धुकं निवळलं आणि मी पोचले. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. चार दिवसांनी बाबा उशीला टेकून बसले, तेव्हा भीत भीत म्हटलं, "बाबा, त्या दिवशी ती मी नव्हते."

"कळलं होतं मला," बाबा म्हणाले. "तुझ्या हातात बांगड्या कधी असतात? पण 'आले' म्हणाली ना ती. आलेल्याला कोण म्हणून विचारू नये."

बाबा घरी आल्यावर मी चंडीगडला परतले. वाटीतलं पाणी बरंचसं आटलं होतं. बाळकृष्णाला बाहेर काढून पदराने टिपलं, जागेवर बसवलं. आईसारखं काही मागणं, काही बोलणं मला जमत नाही. तोंडून एवढंच निघालं, "आलास?"