चांदीचा घोडा

आमच्या मंडळाचे नामदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिसालीच्या हार्डवेअर दुकानात त्यांच्याच कामासाठी थिनर घेत होतो. तसाच निघालो. लोक हार वाहत होते आणि मी थिनरची बाटली धरून उभा... वहिनींनी ती माझ्या हातातून काढून कोपऱ्यात ठेवली. महिना होत आला, पण माझं बूड एका जागी टिकत नाही. पोळा तोंडावर आला आहे आणि दगड अजून आमच्याकडेच आहे.

दगड म्हणजे उतईकडच्या एका हिंदी बोलणाऱ्या गावचा वीरगळ, घोड्यावर बसलेला कुणी जुना लढवय्या. आमचं इतिहास मंडळ म्हणजे पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले काही म्हातारे आणि मरोद्यातली एक खोली. नामदेवभाऊंचा नियम एकच: गावची वस्तू आपली नाही. प्रदर्शनापुरती मागून आणायची, आणली तशी परत करायची. या दगडासाठी तर त्यांनी गावच्या चौकात सगळ्यांसमोर शब्द दिला होता, कारण पोळ्याला गावचे बैल आधी त्याच्यासमोर नेतात.

मला तो नुसता पुसायला सांगितला होता. पण माझी हयात गेली मेन्टेनन्समध्ये. मोठा साहेब येणार म्हटलं की उभी असेल ती वस्तू रंगवायची! मी घोड्यासकट स्वाराला चांदी रंग फासला. मिशा काळ्या केल्या. पंखा लावून वाळवलंही.

भाऊ आले.

"सुधाकर, हे काय करून राहिला बे?"

"गंज नको लागायला, भाऊ."

"दगडाले?"

मी पंखा बंद केला. मग म्हटलं, "चमकते तं छान. गावाले आवडंल."

"त्यायचा आजा हाये तो. तुह्या आज्याले पॉलिश मारून दिली त चालंल तुले?"

रंग खरवडायला मी तारेचा ब्रश आणला, तो त्यांनी बाहेर फेकला. त्यांची रीत वेगळी: बाभळीचं दातून, म्हणजे दात घासायची काडी, चावून मऊ करायचं, थिनरमध्ये बुडवायचं, बोटभर जागा घासायची. भाऊही शेजारी बसून घासत; मी घाई केली की म्हणत, "हळू बे. घोडा हाये, गर्डर नाही." एकदा मी बुडवलेलंच दातून पुन्हा तोंडात घातलं. भाऊ इतके हसले की खोकला आवरेना... तो खोकला आम्ही हसण्याचाच धरला.

परवा गावातून फोन आला, "जैसा है वैसा ले आओ, त्योहार आ गया." सोपं होतं. पण भाऊंनी शब्द 'जसा आहे तसा' दिला नव्हता, 'जसा होता तसा' दिला होता. मी म्हटलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर पाठवा.

आता घोड्याचा एक कान तेवढा चांदीचा उरलाय. भाऊंचं शेवटचं दातून खिडकीत तसंच आहे, टोकाला चांदी लागलेलं. मी रोज नवीन चावतो आणि घासायला बसतो. ट्रॅक्टर उद्या येणार, त्यामुळे हात धावतो... मग खिडकीकडे नजर जाते आणि हात हळू होतो.